नार्कनचा स्प्रे घरात ठेवता का? न्यूयॉर्क शहराचं आरोग्य खातं आणि ओव्हरडोस

धागाकर्ती: गोदाकाठ

क्वीन्समध्ये राहून मला चौदा वर्षं झाली. आमची इमारत सहा मजली, लिफ्ट बऱ्याचदा बंद. दोन वर्षांपूर्वी नोव्हेंबरात, रात्री नवाच्या सुमारास मी धुतलेल्या कपड्यांची पिशवी घेऊन तळघरातून वर येत होते. तिसऱ्या मजल्याच्या वळणावर शेजारचा मुलगा भिंतीला टेकून बसला होता. तेवीस-चोवीस वर्षांचा असेल. मान छातीवर पडलेली, आणि घोरत होता. नळात हवा अडकली की येतो तसा गुरगुरणारा आवाज, मधेच थांबणारा, मग पुन्हा सुरू होणारा. मला वाटलं, कामावरून दमून आलाय, किल्ली विसरला असेल, डोळा लागला. त्याच्या पायांवरून पिशवी उचलून घेतली आणि मी वर गेले.

दहा मिनिटंही झाली नसतील, त्याच्या आईचा आक्रोश ऐकू आला. अँब्युलन्सवाल्यांनी नाकात स्प्रे मारला, तोंडावर मास्क धरून हातानं हवा देत राहिले. बऱ्याच वेळानं तो एकदम उठून बसला आणि ओकला. वाचला. अँब्युलन्सबरोबर आलेली बाई आम्हा शेजाऱ्यांना म्हणाली, "तुम्ही ज्याला घोरणं म्हणताय ना, तो श्वास बंद पडत चालल्याचा आवाज असतो."

तो आवाज मी ऐकला होता आणि पुढे निघून गेले होते. हे अजून मनातून जात नाही, म्हणून हा धागा.

त्यानंतर मी शहराच्या आरोग्य खात्याचं नॅलोक्सोनचं प्रशिक्षण घेतलं (नार्कन म्हणजे याच औषधाचा नाकात मारायचा स्प्रे). लायब्ररीतली एक खोली, वीसेक माणसं, एक तासाच्या आत काम झालं. पैसे नाहीत, ओळखपत्राचा हट्ट नाही. शेवटी निळी पिशवी हातात मिळते, त्यात दोन स्प्रे असतात. ऑनलाइन वर्गही असतात.

तिथे कळलं ते थोडक्यात सांगते. ओपिऑइड म्हणजे अफूच्या जातीची सगळी द्रव्यं: हेरॉइन, फेंटानिल, आणि डॉक्टर लिहून देतात त्या ऑक्सिकोडोनसारख्या गोळ्याही. ही मेंदूतल्या ज्या जागी जाऊन बसतात, तिथूनच श्वासाचा वेगही मंदावतो. जास्त झालं की श्वास थांबतो. नॅलोक्सोन त्याच जागी जाऊन आधीच्या द्रव्याला हुसकावून लावतं. दोन-तीन मिनिटांत श्वास परत येऊ शकतो. समोरच्या माणसानं ओपिऑइड घेतलेलंच नसेल तर नॅलोक्सोननं काही अपाय होत नाही. त्यामुळे "चुकून दिलं तर?" ही भीती ठेवायचं कारण नाही.

ओळखायचं कसं? हाक मारून, खांदा हलवून उठत नाही. छातीच्या मधल्या हाडावर मुठीची बोटं जोरात घासली तरी हालचाल नाही. श्वास अगदी मंद किंवा बंद, किंवा ते गुरगुरणं. पुस्तकांत ओठ निळे पडतात असं लिहिलेलं असतं, पण आपल्यासारख्या सावळ्या कातडीवर तो निळा रंग लगेच दिसत नाही. ओठांच्या आतली बाजू आणि नखं बघा, ती राखाडी दिसतात.

मग ९११ ला फोन. स्प्रेचं वेष्टण मागून सोलायचं, माणसाला उताणं करून मान थोडी मागे करायची, नळी एका नाकपुडीत पूर्ण आत घालायची आणि खालचा खटका एकदाच दाबायचा. आधी "चालतोय का बघू" म्हणून हवेत दाबून बघू नका, त्यात एकच डोस असतो. आमच्या वर्गात एका आजोबांनी नेमकं तेच केलं होतं. मग दर पाच सेकंदांना एक असा तोंडानं श्वास द्यायचा. दोन-तीन मिनिटांत फरक पडला नाही तर दुसरा स्प्रे दुसऱ्या नाकपुडीत. श्वास आला की कुशीवर वळवायचं, आणि अँब्युलन्स येईपर्यंत सोडून जायचं नाही. नॅलोक्सोनचा असर तीस ते नव्वद मिनिटांत उतरतो आणि नशा अंगात शिल्लक असेल तर श्वास पुन्हा बंद पडू शकतो.

२०२२ आणि २०२३ या दोन्ही वर्षांत या शहरात ओव्हरडोसनं तीन हजारांहून जास्त माणसं गेली. दर तीन तासांना साधारण एक. आणि यातली बहुतेक घरात जातात, रस्त्यावर नाही. शेजारच्या खोलीत कुणीतरी असतं आणि त्याला वाटतं, झोपलाय.

आपल्या लोकांत हा विषय निघाला की "आपल्याकडे नाही हो असलं काही" म्हणून बोलणं तिथेच थांबतं. मला विचारायचंय, तुमच्यापैकी किती जणांच्या घरात हा स्प्रे आहे? शहराच्या या कामाचा कुणाला जवळून अनुभव असेल तर लिहा.

---

सातपुडा

चांगला धागा, आणि जिन्यातला प्रसंग प्रामाणिकपणे लिहिलात याबद्दल मनापासून आदर. पण एक शंका बरेच दिवस मनात आहे, ती मांडतो. राग मानू नका.

करदात्यांच्या पैशातून फुकट स्प्रे, फुकट सुया, आणि आता तर शहरात अशी केंद्रं आहेत जिथे लोक देखरेखीखाली नशा करतात. वाचवणारं कुणीतरी आहे हे कळलं की माणूस आणखी बेफिकीर होणार नाही का? व्यसन सुटावं यासाठी काय चाललंय, ते मला कुठे दिसत नाही.

---

रात्रपाळी

सातपुडा, मी ब्राँक्समधल्या एका रुग्णालयात इमर्जन्सीला नर्स आहे, नऊ वर्षं. तुमची शंका मला नवी नाही, माझ्या घरातही हाच प्रश्न विचारला जातो.

नॅलोक्सोन दिल्यावर माणूस कसा उठतो ते एकदा बघायला हवं. अंगभर घाम, उलट्या, थरथर, हाडं दुखतात, काही जण रडतात, काही जण रागानं अंगावर येतात. अंगातली सगळी नशा एका झटक्यात उतरते आणि मागे राहतं ते नुसतं तळमळणं. याच्या भरवशावर कुणी जास्त घेईल, असं हे अनुभवलेला माणूस म्हणणार नाही.

व्यसन सोडवण्यासाठी काय चाललंय, तर आमच्याकडचंच सांगते. २०१७ पासून शहराच्या आरोग्य खात्याचा 'रिले' नावाचा कार्यक्रम आहे. ओव्हरडोसमधून वाचलेला रुग्ण आला की आम्ही फोन करतो, दिवस असो की रात्र, आणि तासाभरात त्यांचा माणूस खाटेपाशी हजर होतो. तो डॉक्टर नसतो. यातून स्वतः गेलेला असतो.

'रिले'कडून आमच्याकडे येणाऱ्यांपैकी एक जण साठीचा आहे. येताना पिशवीत मोजे आणि फोनचा चार्जर घेऊन येतो. पहिला प्रश्न कधीच "किती घेतलंस?" असा नसतो. "थंडी वाजतेय का?" विचारतो, मोजे देतो, स्वतःची खुर्ची खाटेच्या डोक्यापाशी न ठेवता पायथ्याशी ठेवतो. मी एकदा विचारलं असं का, तर म्हणाला, इथे पडलो होतो तेव्हा सगळे डोक्यापाशी उभं राहून वरून बोलायचे. एरवी आम्ही तोंड उघडायच्या आत सलाइन उपटून निघून जाणारी माणसं त्याच्याशी बोलतात. मग पुढचे नव्वद दिवस तो त्यांच्या मागावर राहतो. उपचार हवे असतील तर तिथवर नेतो, नको असतील तर स्प्रे देतो आणि पुन्हा फोन करतो.

मेलेल्या माणसाचं व्यसन सुटत नाही, हे मी रोज बघते. आधी श्वास, मग बाकीचं.

---

खलबत्ता

फार्मासिस्ट आहे, क्वीन्समध्येच. व्यवहाराच्या गोष्टी सांगतो.

मार्च २०२३ मध्ये अन्न आणि औषध प्रशासनानं नार्कनचा ४ मिलिग्रॅमचा स्प्रे चिठ्ठीशिवाय विकायला परवानगी दिली, त्याच वर्षी सप्टेंबरपासून तो दुकानांच्या फळीवर आला. दोन स्प्रेंचा डबा साधारण ४५ डॉलरला. पण पैसे मोजायची गरज बहुतेकांना पडत नाही. राज्याचा सरसकट आदेश असल्यामुळे न्यूयॉर्कमध्ये कुणीही फार्मसीत जाऊन विम्यावर मागू शकतो, आणि विम्यानंतर जो वाटा आपल्याला भरावा लागतो त्यातले ४० डॉलरपर्यंत राज्याची योजना भरते. विमा नसेल तर शहराच्या कार्यक्रमातून फुकट मिळतो. शहराच्या माहितीच्या नंबरला, म्हणजे ३११ ला, फोन करून जवळचं ठिकाण विचारा.

ठेवायचा घरातल्या साध्या तापमानाला. गाडीच्या डिकीत ठेवू नका, कडाक्याच्या थंडीत गोठू शकतो. गोठलेला स्प्रे दाबला तरी फवारा येणार नाही. मुदत आता चार वर्षांची असते. मुदत संपलेला एवढाच हाताशी असेल तर तो वापरा, काहीच न देण्यापेक्षा बरा.

आणखी एक. हा स्प्रे फक्त "नशा करणाऱ्यांसाठी" नाही. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर घरी ऑक्सिकोडोन आलेलं असतं, कर्करोगाच्या वेदनांसाठी फेंटानिलचे पॅच असतात. त्यावर झोपेची गोळी किंवा दारू पडली तरी श्वास बंद पडू शकतो. विसरभोळ्या आजोबांनी दुपारची गोळी दोनदा घेतल्यावर काय होतं ते मी बघितलं आहे. अशी औषधं घरात असतील तर शेजारी हा स्प्रे असलाच पाहिजे. आणि उरलेल्या गोळ्या फार्मसीतल्या परतपेटीत टाका, कपाटात साठवू नका.

अवांतर: नॅलोक्सोन तयार झालं तेही क्वीन्समध्येच. जॅक फिशमन आणि मोझेस लेवेनस्टाइन यांनी १९६१ मध्ये त्याच्या पेटंटसाठी अर्ज केला, १९७१ मध्ये ते बाजारात यायला मान्यता मिळाली. फिशमन यांचा सावत्र मुलगा २००३ मध्ये हेरॉइनच्या ओव्हरडोसनं गेला. त्या काळी हे औषध सामान्य घरांत पोचलेलंच नव्हतं. न्यूयॉर्क राज्यात साध्या माणसाला ते बाळगायची आणि द्यायची कायदेशीर मुभा मिळाली १ एप्रिल २००६ पासून.

---

चाफेकळी

मनात आहे ते विचारतेच. माझा भाचा व्हिसावर आहे, चौघांत मिळून राहतो. समजा उद्या त्यांच्या खोलीत असं काही झालं आणि यानं ९११ ला फोन केला, तर पोलीस येणार. याच्यावर काही बालंट यायचं नाही ना? ही मुलं याच भीतीनं फोन करणार नाहीत, असं मला वाटतं.

---

गोदाकाठ

चाफेकळी, हा प्रश्न आमच्या वर्गातही निघाला होता, आणि सर्वांत जास्त वेळ त्यावरच गेला.

न्यूयॉर्क राज्यात २०११ पासून 'गुड समॅरिटन' कायदा आहे. ओव्हरडोससाठी ९११ ला फोन करणारा आणि ज्याला ओव्हरडोस झाला तो, या दोघांवरही थोड्या प्रमाणात अमली पदार्थ जवळ असल्याबद्दल खटला भरता येत नाही. मोठा साठा असेल, आधीचं वॉरंट असेल किंवा पॅरोलच्या अटी मोडल्या असतील, तर हे संरक्षण लागू होत नाही. सद्भावनेनं नॅलोक्सोन दिलं तर देणाऱ्यावरही दावा लावता येत नाही.

आता व्हिसा. हा राज्याचा कायदा आहे आणि इमिग्रेशन केंद्र सरकारकडे, म्हणून "काही होणारच नाही" असं मी लिहिणार नाही. त्यातलं बारकाव्याचं एखाद्या इमिग्रेशन वकिलाला आधीच विचारून ठेवा. पण मित्रासाठी फोन करणं हा काही गुन्हा नाही, आणि ज्याच्या अंगात, खिशात काही नाही त्यानं घाबरायचं काय? फोनवर एवढंच सांगायचं: "माणूस शुद्धीवर नाही, श्वास घेत नाही", आणि पत्ता. का, कशानं, हे फोनवर सांगायची सक्ती नाही. पण अँब्युलन्सवाल्यांना खरं सांगा. ते औषध कुठलं द्यायचं हे ठरवायला विचारत असतात.

भाच्याला एवढं मात्र नक्की सांगा, की फोन करायला घाबरून मित्राला थंड पाण्याच्या शॉवरखाली धरणं, थोबाडीत मारणं, कॉफी पाजणं यातलं काहीही करू नको. त्यात मिनिटं जातात.

---

हार्लेमकर

मी ईस्ट हार्लेममध्ये राहतो. सातपुडांनी ज्या केंद्रांचा उल्लेख केला त्यातलं एक माझ्या घरापासून चालत सात मिनिटांवर आहे. ऑनपॉइंट एनवायसी ही संस्था ती चालवते. ३० नोव्हेंबर २०२१ ला दोन सुरू झाली, एक आमच्याकडे आणि दुसरं वॉशिंग्टन हाइट्सला. उघडपणे, शहराच्या संमतीनं चालणारी देशातली ही पहिलीच.

मी विरोधात होतो. सह्यांच्या कागदावर माझीही सही आहे. एक दिवस आत जाऊन बघितलं. आरसे लावलेले छोटे कप्पे, समोर बसलेले कर्मचारी, भिंतीशी ऑक्सिजनची नळकांडी. मला वाटायचं इथे दिवसभर नॅलोक्सोनच मारत असतील. तसं नाही. माणसाचा श्वास मंदावायला लागला की आधी बोटाला यंत्र लावून ऑक्सिजन किती आहे ते बघतात, ऑक्सिजन देतात, हाक मारून जागं ठेवतात. डोळ्यांसमोर असल्यामुळे बऱ्याचदा नॅलोक्सोनपर्यंत वेळच येत नाही. पहिल्या दोन महिन्यांत ६१३ माणसांनी ५,९७५ वेळा ही केंद्रं वापरली, असं एका संशोधनपत्रिकेत छापून आलं आहे. २०२३ च्या एका अभ्यासात आजूबाजूची गुन्हेगारी वाढल्याचं दिसलं नाही. त्यांची माणसं बागेतल्या सुया उचलत फिरतात, हे मी रोज बघतो. त्या सुया केंद्र यायच्या आधीही होत्याच.

आता माझं जे म्हणणं शिल्लक आहे ते सांगतो. व्यसनावर मेथाडोन हे औषध देणारे दवाखाने आमच्याकडे, निवारे आमच्याकडे, हेही आमच्याकडेच. या शहरात ओव्हरडोस फक्त आमच्या गल्लीत होतात का? शहराच्या सगळ्या बरोंमध्ये, म्हणजे पाचही विभागांत, अशी केंद्रं काढली असती तर आमच्या शेजाऱ्यांचा विरोध निम्मा मावळला असता. पण राज्याच्या गव्हर्नरनी हात वर केले आहेत, नशेसाठी जागा चालवायला मनाई करणारा केंद्र सरकारचा १९८६ चा कायदा डोक्यावर टांगता आहेच, आणि म्हणून दोनाची चार होत नाहीत. ओझं एकाच वस्तीवर टाकायचं आणि तिनं कुरकुर केली की तिलाच निष्ठुर म्हणायचं, हे मला पटत नाही.

---

आकडेमोड

हार्लेमकर, तुमच्या शेवटच्या परिच्छेदाशी पूर्ण सहमत.

आकड्यांबद्दल थोडं. २०१५ साली न्यूयॉर्क शहरात ओव्हरडोसचे मृत्यू एक हजाराच्या आत होते. २०२१ मध्ये ते २,६०० च्या वर गेले, पुढची दोन वर्षं तीन हजारांच्या वर. ही वाढ मुख्यतः फेंटानिलची. हेरॉइनपेक्षा साधारण पन्नासपट तीव्र, बनवायला स्वस्त, आणि इतर नशांमध्येही मिसळलेलं. शहरातल्या दर पाच मृत्यूंपैकी जवळपास चारांत फेंटानिल सापडत होतं. २०२४ मध्ये मात्र आकडा सुमारे २,२०० वर आला, म्हणजे एका वर्षात २८ टक्क्यांच्या आसपास घट.

हे यश एकट्या कुणाचं असं म्हणता येणार नाही. देशभरातच घट झाली आहे, बाजारातला माल बदलला आहे, नॅलोक्सोन सगळीकडे पोचलं आहे, उपचार थोडे सोपे झाले आहेत. पण एक गोष्ट शहराच्या खात्यानं नेटानं केली ती म्हणजे मोजणी. कुठल्या वस्तीत, कुठल्या वयाचे, कुठल्या द्रव्यानं, हे ते सातत्यानं छापतात. हंट्स पॉइंट-मॉट हेवन आणि ईस्ट हार्लेम वर्षानुवर्षं यादीत वरच. लोकसंख्येच्या मानानं पंचावन्न-साठीच्या पुढचे कृष्णवर्णीय पुरुष सर्वांत जास्त जातात. आपल्या डोळ्यांसमोर चित्र असतं विशीतल्या पोराचं, आणि खरा मरणारा बऱ्याचदा एकटा राहणारा, तीस वर्षं हेरॉइनवर तगून राहिलेला माणूस. त्याचा माल बदलला आणि त्याला ते कळलंच नाही.

म्हणूनच खात्याचा माल तपासून देण्याचा उपक्रम मला फार मोलाचा वाटतो. सुया बदलून देणाऱ्या काही केंद्रांत एक यंत्र असतं, चिमूटभर नमुना दिला की त्यात काय काय आहे ते सांगतात. झायलाझिन हे जनावरांना गुंगी आणायचं औषध मिसळलं जातंय, हे अशा तपासण्यांतूनही समजलं. त्यावर नॅलोक्सोन चालत नाही. तरी नॅलोक्सोन द्यायचंच, कारण सोबत फेंटानिल असतंच, आणि अशा वेळी तोंडानं श्वास देणं जास्त महत्त्वाचं ठरतं.

---

सोनटक्का

बहुतेक या धाग्यावर वयानं सर्वांत लहान मीच. चोवीस. माझ्या ओळखीतले कुणी हेरॉइन घेत नाहीत. पार्टीत कोकेन असतं, परीक्षेच्या दिवसांत मित्राच्या मित्राकडून आलेल्या गोळ्या असतात. फेंटानिल त्यातच निघतं. आणि ज्याला ओपिऑइडची सवयच नाही, त्याला कणभरही पुरतं.

नशेत फेंटानिल आहे का ते तपासायच्या पट्ट्या आमच्या खोलीत असतात, शहराच्या कार्यक्रमातून फुकट मिळतात. त्या नशेचा अंश थोड्या पाण्यात विरघळवायचा, पट्टी पंधरा सेकंद बुडवायची, थांबायचं. एक रेघ म्हणजे फेंटानिल आहे. दोन रेघा म्हणजे सापडलं नाही. बाकीच्या घरगुती चाचण्यांच्या बरोबर उलट आहे हे, म्हणून मुद्दाम लिहितोय. माझ्या एका मैत्रिणीनं उलटं वाचलं होतं, वेळेवर लक्षात आलं.

२०२३ च्या जूनमध्ये ब्रुकलिनला ब्राउन्सव्हिलमध्ये शहरानं पहिलं मशीन बसवलं, चिप्सच्या मशीनसारखंच, पण त्यात नॅलोक्सोन, पट्ट्या, स्वच्छतेचं सामान. फुकट. कुणासमोर तोंड उघडायला लागत नाही, हे किती मोठं आहे ते तुम्हाला कळणार नाही कदाचित. मोठ्यांना राग येईल, पण सांगतो: आम्ही तुम्हाला सांगत नाही, कारण पहिला अर्धा तास ओरडण्यात जाणार हे आम्हाला माहीत असतं.

---

अनामिक_आई

पहिल्यांदाच लिहितेय. या धाग्यासाठीच वेगळं नाव घेतलं.

माझा मुलगा बावीस वर्षांचा आहे. सोनटक्का, तू लिहिलंस ना, पहिला अर्धा तास ओरडण्यात जातो. आमच्याकडे तीन महिने गेले. त्याच्या पाकिटात निळ्या गोळ्या सापडल्या. फोनवरून मागवायचा. मी ओरडले, त्याचे बाबा बोलायचेच बंद झाले, भारतात फोन करून सगळ्यांना "अभ्यासात मन नाही" एवढंच सांगितलं. मग तो स्वतःच तयार झाला. पाच आठवडे व्यसनमुक्ती केंद्रात राहून गेल्या रविवारी घरी आलाय. चेहरा भरलाय, जेवतो, सकाळी फिरायला जातो. मला वाटतंय की संकट टळलं.

हा धागा तीन रात्री वाचतेय. स्प्रे घ्यावासा वाटतो. पण तो घरात दिसला तर त्याला काय वाटेल? आईचा अजून विश्वास नाही असंच ना?

---

रात्रपाळी

ताई, तुम्ही लिहिलंत हे फार बरं केलंत. ड्यूटीवर जायच्या आधी लिहितेय, जरा स्पष्ट लिहिते.

आजच स्प्रे घ्या. पाच आठवडे काही न घेतल्यामुळे त्याच्या शरीराची सवय गेली आहे. पूर्वी जेवढं पचायचं तेवढंच आता जीव घेऊ शकतं. तुरुंगातून सुटल्यावर, केंद्रातून आल्यावर, रुग्णालयातून घरी गेल्यावरचे पहिले काही आठवडे सर्वांत धोक्याचे. वॉशिंग्टन राज्यात तुरुंगातून सुटलेल्यांवर २००७ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. पहिल्या दोन आठवड्यांत त्यांना ओव्हरडोसनं मरण येण्याचा धोका इतरांच्या १२९ पट होता. मी तुम्हाला घाबरवत नाहीये. तो परत घेईल असंही म्हणत नाहीये. एकदा पाय घसरला तर ती एकच वेळ शेवटची ठरू नये, एवढंच.

दुसरं, त्याला केंद्रातून ब्यूप्रेनॉर्फिन, म्हणजे ओपिऑइडच्या व्यसनावरचं औषध, सुरू करून दिलं आहे का ते विचारा. दिलं नसेल तर डॉक्टरांना विचारा. पूर्वी ते लिहून द्यायला डॉक्टरांना वेगळा परवाना लागायचा, २०२२ च्या अखेरीला ती अट गेली. आता तुमचा नेहमीचा डॉक्टरही देऊ शकतो. "एक व्यसन सोडून दुसरं लावलं" असं घरात कुणी म्हणेल, आमच्याकडे येणारे बापही म्हणतात. ब्यूप्रेनॉर्फिन किंवा मेथाडोनवर असलेल्यांच्या मृत्यूचा धोका साधारण निम्म्यावर येतो. मधुमेहाची गोळी घेणाऱ्याला आपण गोळीचं व्यसन लागलंय म्हणतो का?

मन फार बेचैन झालं तर ९८८ या मानसिक आधाराच्या हेल्पलाइनला फोन करा, तो तुमच्यासाठीही आहे, फक्त त्याच्यासाठी नाही.

---

सोनटक्का

काकू, त्याच्या जागी मी असतो तर स्प्रे बघून बरं वाटलं असतं. लपवून मात्र ठेवू नका. लपवलेला सापडला तर वाईट वाटेल.

---

सातपुडा

काल ऑनलाइन वर्ग केला. बायकोनंही केला.

माझं मत सगळंच बदललं असं नाही. उपचारांच्या जागा अपुऱ्या आहेत, मनातून तयार झालेल्या माणसाला "पुढच्या आठवड्यात या" असं सांगितलं जातं, यावर शहरानं जास्त पैसा घालावा हे मी अजूनही म्हणेन. पण स्प्रेबद्दल जे लिहिलं होतं ते मागे घेतो. वर्गात एका बाईंनी सांगितलं की त्यांच्या भावाला चार वेळा नॅलोक्सोन देऊन वाचवलं. पाचव्यांदा तो स्वतः दवाखान्यात गेला, आणि आता सहा वर्षं झाली. मी विचार करत बसलो, की मी असतो तर कितव्या वेळेला हात आखडता घेतला असता.

हार्लेमकर, तुमच्या वस्तीबद्दलच्या मुद्द्यावर आमच्या भागाच्या कम्युनिटी बोर्डाच्या बैठकीत बोलायचं ठरवलंय. आमच्याकडे अशी सोय यायला विरोध करणाऱ्यांत मीही होतो.

---

चाफेकळी

भाच्याला धागा पाठवला. दोन दिवस उत्तर नाही. काल नुसता एक फोटो पाठवला, त्यांच्या फ्रिजवर चुंबकानं अडकवलेली निळी पिशवी. खाली लिहिलं होतं, "आधीपासून आहे, मावशी."

---

अनामिक_आई

सगळ्यांना सांगते. शनिवारी फार्मसीत गेले. मागायला तोंड उघडेना, दोनदा रांगेतून बाहेर आले. तिसऱ्यांदा काउंटरवरच्या मुलीनं स्वतःच विचारलं काय हवंय. मी म्हटलं नॅलोक्सोन, तर तिनं मान हलवली आणि डबा पुढे ठेवला, डोकेदुखीची गोळी द्यावी तसा. पैसे काहीच पडले नाहीत.

घरी आल्यावर जेवताना टेबलावर ठेवला. म्हटलं, मला वापरता येत नाही, तूच शिकव. त्याचे बाबा ताटाकडे बघत बसले होते. त्यानं डबा उघडला, केंद्रात शिकवलंय म्हणाला, आणि आम्हा दोघांना सगळं दाखवलं, मान कशी धरायची, नळी कुठवर घालायची. बाबांना जमिनीवर झोपायला लावलं. ते खरंच झोपले. तीन महिन्यांत पहिल्यांदाच त्यांनी एकमेकांना हात लावला.

मी तो देवघराखालच्या कप्प्यात ठेवायला निघाले होते. तो म्हणाला, तिथे नको, तू त्याला किल्ली लावतेस. आता दाराशी, चपलांच्या कपाटावर आहे.

---

गोदाकाठ

ताई, माझाही आता दाराशीच आहे. आणि एक पर्समध्ये.

शेजारचा मुलगा कालच जिन्यात भेटला, पुढच्या महिन्यापासून नवीन कामाला लागतोय. आमच्या इमारतीत डिसेंबरच्या पहिल्या शनिवारी तळमजल्यावर प्रशिक्षण ठरवलंय, सकाळी अकराला. शिकवायला आरोग्य खात्याच्या कार्यक्रमातून माणूस येणार आहे. क्वीन्समधल्या कुणाला यायचं असेल तर मला निरोप टाका, म्हणजे खुर्च्या आणि पिशव्या किती लागतील ते कळवता येईल.